मोजणी शेवटच्या चारीपासून

कोयना धरण आणि टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजना एकाच खोऱ्यातल्या. दोन्हींमागे राज्याचेच अभियंते आणि राज्याचीच तिजोरी. कोयनेचे काम १९५०च्या दशकात सुरू झाले आणि १९६२मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून वीज बाहेर पडली. सुमारे १०३ मीटर उंचीचे रबल काँक्रीटचे धरण आणि सह्याद्री पोखरून पाणी पश्चिमेकडे नेणारे बोगदे हे त्या काळाच्या साधनांनी केलेले काम होते. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपाने धरणाच्या भिंतीला तडे गेले, तेव्हा त्याच भिंतीला मागून आधार बांधून ती पुन्हा उभी राहण्याजोगी करण्यात आली. १३ मार्च १९९९ रोजी तर शिवसागर जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालचा शेवटचा खडक फोडून चौथ्या टप्प्याच्या बोगद्यात पाणी घेतले गेले. ज्या यंत्रणेला हे साधले, तिला कृष्णेचे पाणी पंपाने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या शेतापर्यंत नेण्यासाठी तीन-चार दशके का लागावीत? पंप, पाइप आणि कालवा यांत कोयनेच्या बोगद्यापेक्षा अवघड असे काही नाही. त्यामुळे उत्तर अभियांत्रिकीत शोधून सापडणार नाही. काम कशाने मोजले जाते आणि ते कधी संपले असे मानले जाते, यात ते आहे. कोयनेत मोजायला मीटर होता. विजेचे युनिट बाहेर पडले की प्रकल्प चालू, नाही तर बंद. उपसा योजनांमध्ये मोजले गेले ते खर्ची पडलेले कोटी रुपये. ही दोन मापे दोन वेगळ्या प्रकारची बांधकामे घडवतात, असे माझे म्हणणे आहे.

आधी आकडे पाहू. ताकारी आणि म्हैसाळ मिळून होणाऱ्या कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्पाला १९८४मध्ये मान्यता मिळाली, तेव्हाचा अंदाज ८२ कोटी रुपयांचा होता. तीन दशकांनंतरच्या सुधारित प्रशासकीय मान्यतेत तो ४,९५९ कोटींवर गेला. टेंभूला १९९६मध्ये मान्यता मिळाली ती १,४१६ कोटींची, आणि सुमारे दोन दशकांनी ती ४,०८८ कोटींची झाली. हे दोन आकडे एका दमात सांगून 'भ्रष्टाचार' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते एकच गोष्ट सांगत नाहीत. दरसाल आठ टक्के भाववाढ धरली तर तीस वर्षांत रुपयाचे दहा रुपये होतात. म्हणजे ८२ कोटींचे आठशे-सव्वाआठशे कोटी झाले असते, तर ते केवळ महागाईने झाले असे म्हणता आले असते. प्रत्यक्षात ते साठपट झाले. यात वाढलेले लाभक्षेत्र आहे, भूसंपादनाचे वाढलेले दर आहेत, आणि मंजुरी पदरात पडावी म्हणून सुरुवातीला कमी दाखवलेला अंदाजही असावा. टेंभूची वाढ मात्र जेमतेम तिपटीची आहे. वीस वर्षांच्या सहा टक्के भाववाढीतच ती जवळपास बसते. तरीही टेंभूच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याचे नुकसान ताकारीच्या शेतकऱ्याइतकेच झाले, कारण त्याचेही शेत वीस वर्षे कोरडेच होते. सुधारित मान्यतेच्या फायलीत रुपयांची वाढ दिसते. पाणी न मिळालेले हंगाम त्या फायलीत कुठल्याच रकान्यात येत नाहीत. खरे नुकसान त्या हंगामांचे आहे.

मोठ्या कामांचा खर्च जगभर वाढतो, मग सांगलीच्या या योजनांनाच का बोल लावायचा, असे कोणी म्हणेल. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०१४मध्ये २४५ मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त निघाला आणि दहांपैकी आठ धरणे मुदतीत झालेली नव्हती. म्हणजे अंदाज चुकणे ही आपली मिरासदारी नाही, हे कबूल. पण तिथले बहुतेक प्रकल्प उशिरा का होईना एकदा संपले. आपल्याकडे प्रकल्प उशिरा संपतात यापेक्षा ते अर्धवट चालू राहतात ही तक्रार मोठी आहे. पंपगृह उभे आहे, मुख्य कालवा खोदला आहे, पण वितरिका नाही. वितरिका आहे, पण तिच्यापुढची लघुवितरिका एका रस्त्याच्या किंवा ओढ्याच्या ओलांडणीपाशी अडलेली. अशा अवस्थेत पाणी मुख्य कालव्यातून ओढ्यात, ओढ्यातून पाझर तलावात सोडले जाते. ज्याची विहीर त्या तलावाच्या पाझरात आहे त्याला पाणी मिळते, शेजारच्या माळावरच्या माणसाला नाही. सोडलेल्या पाण्याची नोंद होते, पिकांपर्यंत पोहोचलेल्या पाण्याची होत नाही.

हे असे का होते, ते कामाच्या पैशाच्या वाटेवरून समजते. कंत्राटदाराचे धावते देयक मोजमाप पुस्तिकेत नोंदलेल्या घनमीटरवर आणि टनांवर निघते. पोलाद आणि काँक्रीटची मोठी कामे एका जागी, थोड्या दिवसांत, मोठ्या रकमेची होतात. पंपगृह, ऊर्ध्वगामी नलिका, मुख्य कालव्याचे खोदकाम ही सगळी त्या जातीची. शेतचारीचे काम याच्या उलट असते. शंभर खातेदार, शंभर वाटाघाटी, एकेका गटनंबरातून जाणारी जमीन, आणि या सगळ्यातून देयक निघते ते लहान. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे, नाही तर परत जातो, अशा व्यवस्थेत कार्यकारी अभियंता कोणते काम आधी हाती घेईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. त्यात निविदेतील परिमाणापेक्षा काम वाढले तर कंत्राटाच्या कलम ३८ खाली वाढीव परिमाणाचे पैसे मिळण्याची सोय आहे. जिथे खडक आणि माती जास्त निघण्याची शक्यता, तिथे निविदाकारही जास्त उत्सुक. सगळे नियमानुसार चालले असले, एकही पैसा खाल्ला गेला नाही असे धरले, तरीही ही व्यवस्था नदीकाठाकडून माळाकडे पैसा आधी ओतत जाईल आणि माळावरची चारी शेवटी ठेवील. दरम्यान लवकर घेतलेल्या यंत्रांची हमी संपते, खोदलेल्या कालव्यात झुडपे उगवतात, अस्तर फुटते. २०१४मध्ये माधवराव चितळे यांच्या समितीने सिंचन प्रकल्पांविषयी दिलेल्या अहवालावर चर्चा झाली ती कोण दोषी, कोण निर्दोष याची. ती चर्चा आवश्यकच होती, पण तिने आपले लक्ष माणसांवर खिळवले. माणसे बदलली तरी माप तेच राहिले, तर तोच क्रम पुन्हा घडणार.

त्याच सुमारास झालेला आणखी एक वाद मापाचाच होता, हे आज मागे वळून पाहता जास्त स्पष्ट दिसते. २०११-१२च्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून असे निघाले की दहा वर्षांत राज्याच्या पिकाखालील क्षेत्रातले सिंचनाचे प्रमाण ०.१ टक्क्यानेच वाढले. जलसंपदा खात्याने नोव्हेंबर २०१२च्या श्वेतपत्रिकेत त्याहून बरीच मोठी वाढ मांडली. दोन्ही बाजू आपापल्या मापाने बोलत होत्या. खात्याचे माप होते निर्मित सिंचन क्षमता, म्हणजे बांधलेल्या कामातून किती हेक्टर भिजू शकतील याचा हिशेब. शेतकऱ्याला विचारायचे असते ते एवढेच, की यंदा किती पाळ्या मिळाल्या. 'भिजू शकेल' आणि 'भिजले' यांच्यामध्ये जे अंतर उरते ते कोणत्याच अधिकाऱ्याच्या जबाबदारीत येत नाही. बदल्यांच्या २००५च्या कायद्यानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. तीस वर्षे चाललेल्या योजनेवर दहा कार्यकारी अभियंते येऊन जातात. प्रत्येक जण आपल्या तीन वर्षांत किती निविदा काढल्या हे सांगू शकतो. शेवटच्या चारीला पाणी कधी जाईल, याचे उत्तर त्यांतल्या कोणालाही द्यावे लागत नाही.

या म्हणण्यावर पहिला गंभीर आक्षेप काळाचा आहे. बचावत लवादाने महाराष्ट्राला कृष्णेचे ५६० टीएमसी पाणी दिले आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होऊ शकेल असे ठेवले. तोपर्यंत पाणी अडवले नाही तर हक्क जाईल, या धास्तीने १९९६मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, बाजारातून चढ्या व्याजाने रोख्यांद्वारे पैसा उभा केला गेला आणि सातारा-सांगलीत एकाच वेळी अनेक कामांचे नारळ फुटले. त्या परिस्थितीत टप्प्याटप्प्याने काम करा असे सांगणारा माणूस राज्याचा शत्रू ठरला असता, हे खरे आहे. धास्ती खोटी नव्हती. पण तिच्यावरचा उपाय तपासायला हवा. हक्क राखायचा तर वापर दाखवायचा होता, आणि अर्धवट कालव्यातून वापर होत नाही. कमी कामे घेऊन ती शेतापर्यंत पूर्ण केली असती, तर २०००च्या आधी खऱ्या सिंचनाचे दाखले लवादापुढे ठेवता आले असते. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने डिसेंबर २०१०मधील निर्णयात बचावतांचे मूळ वाटप तसेच ठेवले आणि महाराष्ट्राचा एकूण वाटा ६६६ टीएमसीपर्यंत नेला. ज्या भीतीने सगळे एकदम सुरू झाले, ती ज्या स्वरूपात मांडली गेली होती त्या स्वरूपात खरी ठरली नाही. व्याज मात्र खरे होते आणि ते भरावे लागले.

दुसरा आक्षेप पैशाचा: निधीच पुरेसा नव्हता, मग कामे रेंगाळणारच. हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो, पण नीट पाहिला तर तो माझ्याच बाजूने बोलतो. निधी अपुरा असणे ही गरीब-श्रीमंत सगळ्याच राज्यांची स्थायी स्थिती आहे. ती माहीत असताना दहा कामे सुरू करायची की तीन, हा निर्णय व्यवस्थापनाचा आहे. वर्षाला शंभर कोटी मिळणार असतील आणि प्रत्येकी शंभर कोटींची दहा कामे असतील, तर एकेक करून केल्यास पहिले काम एका वर्षात पाणी देऊ लागते. दहाही एकदम काढली तर दहाव्या वर्षापर्यंत कोणीच देत नाही. खर्च दोन्ही रीतींनी सारखाच दाखवता येतो, पण मिळालेले हंगाम जमेस धरले तर फरक प्रचंड आहे. केंद्र सरकारने २०१६मध्ये प्रधानमंत्री कृषी सिंचाई योजनेखाली देशातील ९९ रखडलेले प्रकल्प निवडून त्यांना पैसा देण्याचे ठरवले, त्यात महाराष्ट्राचे २६ होते. कृष्णा-कोयना उपसा, धोम-बलकवडी, तारळी, मोरणा, वांग, कुडाळी ही आपली नावे त्या यादीत सापडतात. निवडक कामांवर पैसा एकवटावा लागला, हीच आधीच्या पद्धतीवरची सर्वांत परखड टीका होती आणि ती सरकारनेच केली होती.

विजेचा प्रश्न याहून बोलका आहे, कारण तो पहिल्या दिवसापासून कागदावर मांडता येत होता. एक घनमीटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला, पंप आणि मोटारीतील नुकसान धरून, साधारण ०.३७ युनिट वीज लागते. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. तेव्हा एक टीएमसी पाणी शंभर मीटर चढवणे म्हणजे एक कोटीहून थोडी अधिक युनिट वीज. टेंभू योजना २२ टीएमसी पाणी पाच टप्प्यांत चढवून ८०,४७२ हेक्टरवर नेण्यासाठी आखली गेली. हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. तरीही वीजबिलाची व्यवस्था बांधकामाच्या आराखड्यात गौण राहिली. थकबाकी झाली की पंप बंद, दुष्काळ जाहीर झाला की टंचाई निधीतून बिल भरून पंप सुरू, असे आवर्तन वर्षानुवर्षे चालले. अखेर २०१८मध्ये बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी उचलावा असे ठरले. अनुदानाचा हा निर्णय मला योग्य वाटतो. कोयनेची वीज मुंबई-पुण्याच्या उद्योगांना मिळत असताना त्याच खोऱ्यातील माळरानाला पाणी चढवायला सवलत देणे ही मेहेरबानी नव्हे. पण तो निर्णय पंप बसवण्याच्या आधी व्हायला हवा होता. कारण वितरण अपुरे असताना चढवलेल्या प्रत्येक घनमीटरची वीज तेवढीच जळते, मात्र वसुली भिजलेल्या हेक्टरवर होते. अर्धी वितरण व्यवस्था म्हणजे पूर्ण बिल आणि अर्धी पाणीपट्टी. ही तूट बांधकामाच्या क्रमातून जन्मलेली आहे, शेतकऱ्याच्या बुडवेपणातून नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र माळावरूनच येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. टप्प्याटप्प्याने पूर्ण करा म्हणजे काय? नदीच्या जवळचे आधी भिजणार. तिथे ऊस उभा राहणार, कारखान्यांची नोंद होणार, आणि मग पाणी पुढे आटपाडीला, सांगोल्याला, जतला सोडायला कोण तयार होईल? त्यापेक्षा सगळीकडे एकदम काम सुरू असलेले बरे, निदान आमचा हक्क दगडमातीत तरी दिसतो. दुष्काळी तालुक्यांतील माणसाची ही भीती अनुभवाची आहे आणि तिला उत्तर दिल्याशिवाय माझ्या युक्तिवादाला अर्थ नाही. उत्तराचा पहिला भाग असा की सगळीकडे एकदम काम सुरू करूनही ऊस आधी नदीजवळच उभा राहिला. अर्धवट कालवा पुढच्याचे रक्षण करत नाही, तो फक्त त्याला आशेवर ठेवतो. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. वाटा बांधकामातच बांधून टाकता येतो. उघड्या चारीला कुठेही फोडता येते, बंदिस्त नलिकेचा व्यास आणि व्हॉल्व्ह ठरवून दिला की तिच्यातून ठरल्यापेक्षा जास्त पाणी घेणे फार अवघड. आटपाडी तालुक्यात हाच विचार पाणी संघर्ष चळवळीने लावून धरला. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली तेरा दुष्काळी तालुक्यांतील लोक वर्षानुवर्षे परिषदा घेत राहिले, आणि मागणी नुसती पाणी द्या अशी नव्हती. भूमिहीन कुटुंबासह प्रत्येक कुटुंबाला समान पाणी द्या, त्यासाठी टेंभूच्या वितरणाची फेरआखणी करा, अशी ती होती. बंदिस्त नलिकेने वितरण केल्यास जमीन कमी लागते, झिरपा आणि बाष्पीभवन वाचते, आणि त्याच पाण्यात जास्त क्षेत्र भिजते, हे तांत्रिक फायदे खात्यानेही पुढे स्वीकारले. पण या बदलाचा उगम सामाजिक मागणीत होता. वाटप आधी ठरवा आणि त्याला बसेल अशी रचना बांधा, हा क्रम आंदोलकांनी अभियंत्यांना शिकवला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

त्याच्याही आधी, १९८०च्या दशकात, खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधले. नदीतल्या वाळूच्या मर्यादित विक्रीतून पैसा उभा केला, के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याचे साहाय्य घेतले, आणि पाणी कुटुंबांत समान वाटायचे हे तत्त्व भिंतीच्या आधी ठरवले. हे धरण लहान आहे, त्याच्या आधाराने टेंभूचे व्यवस्थापन करता येणार नाही, असे कोणी म्हणेल तर ते मान्य. आकार वाढला की यंत्रणा वेगळी लागते. पण एक गोष्ट आकारावर अवलंबून नाही. ज्यांना पाणी मिळायचे होते तेच काम संपले की नाही हे ठरवणार होते, म्हणून भिंत उभी राहिली पण चारी राहून गेली असे घडण्याचे कारण उरले नाही.

कोयनेची मी वर स्तुती केली, पण तिच्या मापातही एक मोठी पोकळी होती आणि ती लपवणे अन्यायाचे ठरेल. विजेचे युनिट मोजणाऱ्या प्रकल्पात बुडालेल्या गावांची मोजणी नव्हती. वीज १९६२ला सुरू झाली. जावळी आणि पाटणच्या खोऱ्यांतून उठवलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या जमिनीचे, गावठाणाचे, नागरी सोयींचे प्रश्न पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आले आणि या शतकातही कोयनानगरला त्यांना ठिय्या देऊन बसावे लागले. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६चा, म्हणजे धरण भरल्यानंतर दशकाहून अधिक काळाने आलेला. धरणग्रस्तांनी 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही घोषणा दिली, तेव्हा अनेक तंत्रज्ञांना ती विकासात घातलेली खीळ वाटली. वास्तविक ती कामाच्या क्रमाविषयीची अत्यंत शिस्तशीर सूचना होती. जे शेवटी ठेवले जाते ते राहून जाते, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यावरून ओळखले होते. टेंभूच्या शेवटच्या खातेदाराची आणि कोयनेच्या विस्थापिताची स्थिती या एका बाबतीत सारखी आहे: प्रकल्प पूर्ण झाल्याचे जाहीर करताना दोघांनाही कोणी विचारले नाही.

हे सारे जुने उगाळायचे कारण पुढचे काम दारात आहे. जतच्या पूर्व भागातील, मूळ म्हैसाळ योजनेत न आलेल्या ६५ गावांसाठी विस्तारित योजना हाती घेतलेली आहे. त्यांपैकी काही गावांनी पाण्यावाचून कंटाळून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते. तिथे ठेवायच्या अटी फार नाहीत आणि त्या प्रशासकीय मान्यतेच्या कागदावरच लिहिता येतात. एका टप्प्याच्या लाभक्षेत्रातील ठरावीक गावांना, समजा पाचांतील चार गावांना, शेतापर्यंत दोन पूर्ण पाळ्या मिळाल्याशिवाय पुढच्या टप्प्याची निविदा निघू नये. वितरणाची बंदिस्त नलिका आणि पंपगृह ही दोन स्वतंत्र कंत्राटे नसावीत, आणि कंत्राटदाराच्या शेवटच्या देयकाचा मोठा हिस्सा शेतातल्या व्हॉल्व्हवर मोजलेल्या पाण्याला बांधलेला असावा. वीजबिलाचा वाटा पंप मागवण्यापूर्वी ठरावा. आणि प्रगती अहवालातला पहिला रकाना खर्चाचा नसून गटनंबरनिहाय मिळालेल्या पाळ्यांचा असावा. तो दर हंगामानंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, म्हणजे ज्याच्या नावापुढे पाळी लिहिली आहे पण पाणी आले नाही, तो माणूस त्याच दिवशी शाखा अभियंत्याच्या कार्यालयात जाऊन ती नोंद खोडायला लावू शकेल.